विळा पांढरा, हळद पिवळी

सत्त्याण्णव सालच्या श्रावणात माझ्या हातानं द्राक्षाची एक ओळ जळाली. पाऊस रोजचाच होता, पानांवर केवडा ही बुरशीही आली होती. पण ती ओळ ना पावसानं नेली ना केवड्यानं. ती मी जाळली, कागद वाचून.

आमची बाग बारा ओळींची. दिंडोरीहून एसटीनं तासाभराच्या वाटेवर गाव, आणि गावाच्या अलीकडे ओढ्याकाठी आमची वस्ती. मी, माझी बायको साळूबाई, मुलगा शेखर आणि त्याच वैशाखात लग्न होऊन आलेली सून स्नेहल, एवढेच आम्ही. एप्रिलात वेल छाटला की नवी काडी येते आणि पावसाळाभर पानांच्या जिवावर पिकते. हिरवी काडी तपकिरी झाली, कडक झाली की ऑक्टोबरात तिला पुन्हा छाटायचं, मग तिच्यातून घड निघतात. मधेच पानं गेली तर काडी कच्ची राहते आणि कच्च्या काडीला घड येत नाही. म्हणून श्रावणभादव्यात जपायची ती पानं.

केवड्याचं औषध बोर्डो, करायला साधं. एका बादलीत मोरचुदाचं निळं पाणी, दुसरीत चुन्याचं पांढरं पाणी, दोन्ही एकत्र करायची. दरसाली हे कालवायला गावातला सोमा यायचा. तो रंग बघून कालवायचा आणि कुणाला काही सांगायचा नाही. त्या साली तो निफाडकडे मोठ्या बागेवर कामाला लागला. मग मी म्हणालो, मी कालवतो. माझ्याकडे शेतकरी मेळाव्यात मिळालेला छापील कागद होता. तो मला वाचता येत होता. बावन्नाव्या वर्षी साक्षरता वर्गात बसून अक्षरं शिकलो होतो, आणि तेव्हापासून गाडीच्या पाटीपासून बिडीच्या बंडलापर्यंत जे दिसेल ते वाचत होतो. कागदावर लिहिलं होतं: मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी शंभर लिटर. मी तराजूनं तोलून घेतलं. गुंजभर इकडचं तिकडे होऊ दिलं नाही.

पहिली ओळ फवारून झाली आणि पावसाची सर आली, म्हणून थांबलो. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर त्या ओळीची पानं कडेनं तपकिरी झालेली, तव्यावर राहिलेल्या भाकरीसारखी. हात लावला की चुरा होत होता.

शेजारचा सहादू बांधावर उभा होता. त्याचीही बाग आमच्याएवढीच.

"नाना, काय फवारलं?"

"बोर्डो."

"कुणी कालवलं?"

"मी."

"कशावरून?"

"कागदात लिव्हलंय तसं."

सहादूनं जळलेलं पान तोडलं, उलटं केलं, सुलटं केलं. "म्हंजे ही साक्षर ओळ झाली," तो म्हणाला. संध्याकाळपर्यंत हे नाव गावात पोचलं. दळणाला गेलेल्या बाया स्नेहलला विचारू लागल्या, तुमची साक्षर ओळ कशी हे गं.

घरात भांडी वाजत होती. साळूबाई रागावली की भांडी जास्त वाजतात. जेवताना तिनं मला विचारलं, "चुना कुठला घेतला व्हता?"

"माळ्यावरचा. दिवाळीला रंग दिल्यावर उरला व्हता तो."

ती उठली, माळ्यावरचं पोतं खाली ओढलं, त्यातली चिमूटभर पूड घेतली आणि पाण्याच्या पेल्यात टाकली. पूड तळाशी जाऊन बसली. पाणी जसंच्या तसं थंड.

"चुना पाण्यात पडला का उकळला पाहिजे. ह्याच्यात जीव नाय राह्यला. नऊ महिने वारा खाल्लाय त्यानं. माझ्या तंबाखूला नाय चालायचा, तर मोरचुदाला कुढून चालंल?"

"वजन तर किलोच भरलं."

"मढ्याचं वजन बी भरतंच की," ती म्हणाली.

शेखर हसला आणि घास अडकून ठसकला. स्नेहल चुलीपाशी बसली होती, मांडीखाली विज्ञानाचं पुस्तक. ती दहावीला विज्ञानात थोडक्यात राहिली होती आणि ऑक्टोबरला पुन्हा बसणार होती. लग्न ठरवताना तिच्या वडिलांनी घातलेली ही एकच अट. एरवी ती माझ्यापुढे फारशी बोलत नसे. पण त्या दिवशी म्हणाली, "मामा, आत्याबाईंचं बरोबर हे. आमच्या पुस्तकात हाय. मोरचुदाचं पाणी आम्लासारखं वागतं. चुना आम्लारी. दोघं सारख्या जोराचे भेटले तर एकमेकांचा जोर मोडतात. उदासिनीकरण म्हणतात त्याला. तुमचा चुना थकलेला, म्हणून मोरचुदाचा जोर शिल्लक राहिला. त्यानंच पान भाजलं."

"म्हंजे वजन सारखं असून उपेग नाय?"

"जोर सारखा पाहिजे."

"मंग कागदात तसं का नाय लिव्हलं?"

"चुना ताजा घ्या असं असंल की खाली."

मी कागद आणला आणि कंदिलाजवळ धरला. खाली बारीक अक्षरात होतंच: कळीचा ताजा चुना वापरावा. बारीक अक्षर मी वाचलं नव्हतं. मोठं वाचून झाल्यावर मला वाटलं होतं, झालं.

"ज्या बाईनं परीक्षेत ह्याच धड्याला मार्क घालवले," शेखर म्हणाला, "ती आता तुम्हाला शिकवती, नाना."

"ह्या धड्याला नाही घालवले," स्नेहल म्हणाली. "विजेच्या धड्याला."

दुसऱ्या दिवशी दिंडोरीचा बाजार होता. अकरा ओळी उरल्या होत्या आणि पानांच्या खालच्या अंगाला पांढरी बुरशी दिसू लागली होती. आठवडाभरात फवारलं नाही तर पानं आपोआप गळणार होती, आणि चुकीचं फवारलं तर मी गाळणार होतो. मी कळीचा चुना घ्यायला निघालो. ढेकळासारखे पांढरे खडे निवडून निवडून घेतले. दुकानदार म्हणाला, "बाबा, भाजीय का निवडायला?" प्लॅस्टिकची पिशवी मिळाली नाही, म्हणून खडे गोणपाटात बांधले आणि बोचकं डोक्यावर घेऊन स्टँडवर आलो. स्टँडच्या पत्र्यातून पाणी गळत होतं. बोचकं मी आडोशाला ठेवलं, तो आडोसा नेमका गळक्या पत्र्याखालचा.

एसटी आली. मी मागच्या बाकावर बसलो आणि बोचकं पायांत धरलं. तळेगाव मागं पडलं तेव्हा मला पोटऱ्यांना ऊब लागू लागली. वाटलं, शेजारी माणसं दाटून बसलीत त्याची असेल. मग बोचक्यातून सूं सूं आवाज यायला लागला. शेजारच्या म्हातारीनं पाय वर घेतले.

"ह्याच्यात काय हे, दादा?"

"चुना हे."

"जिता हे का?"

तेवढ्यात बोचक्यातून वाफ निघाली. आधी पातळ, मग चांगली दाट. पुढच्या बाकावरची माणसं मागं वळली. कुणीतरी म्हणालं, गाडी पेटली. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. कंडक्टर तिकिटांची पेटी छातीशी धरून माझ्यापर्यंत आला.

"बाबा, बोचक्यात काय शिजवताय?"

"चुन्यावर पाणी पडलं, साहेब. जिता चुना हे, म्हणून तापला. चांगला हे."

"चांगला असू द्या. खाली उतरा."

उरलेले तीन मैल मी चालत आलो. बोचकं डोक्यावर ठेवता येईना, इतकं गरम. काखेत धरलं तर काख भाजायची. शेवटी एक काठी शोधली, तिला बोचकं अडकवलं आणि खांद्यावर घेतलं. वरून पावसाची झिमझिम, पाठीमागं वाफ. गावाजवळ शाळा सुटली होती, पोरी बाजूला होऊन मला वाट देत होत्या. सहादूच्या बायकोनं, चिमणाबाईनं, दारातून विचारलं, "नाना, इंजिन झाले का काय?"

घरी बोचकं सोडलं तर निम्मे खडे फुटून पीठ झालेले आणि निम्मे शाबूत. साळूबाईनं पिठात बोट बुडवलं, जिभेच्या टोकाला लावलं आणि तोंड वाकडं केलं. "जिता हे," ती म्हणाली. "पण किती जिता, ते देव जाणे. थोडा रस्त्यातच उकळून आला तुमच्याबरोबर."

आता गोष्ट अशी झाली की कागदातल्या एक किलोला काही अर्थ उरला नाही. चुन्यात जोर होता, पण किती, ते कुणाला सांगता येईना. स्नेहल म्हणाली, शाळेत लिटमसचा कागद असतो, आम्लात निळ्याचा लाल होतो. आमच्या गावात शाळा होती सातवीपर्यंत, तिथं लिटमस नव्हता. शेखर म्हणाला, "सोमा विळा बुडवायचा बघा. म्या एकदा पाह्यलंय."

"विळा कशाला?"

"ते नाय माहीत. बुडवायचा आन धोतराला पुसायचा."

स्नेहलनं थोडा विचार केला. "मोरचूद शिल्लक असंल तर लोखंडावर तांबं बसंल. विळा लाल होईल. लाल झाला की चुना कमी."

"आन चुना जास्ती झाला तर?" मी विचारलं. "तव्हा विळा काय सांगणार?"

स्नेहलनं चुलीजवळच्या डब्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "हळद. हळद चुन्यात लाल होती."

ती असं म्हणाली आणि साळूबाईच्या तोंडाकडे पाहायचं टाळू लागली. कारण आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. लग्नात शेखरला हळद लावली तेव्हा अंगाखाली जो टॉवेल होता, तो साळूबाईनं न धुता पेटीत ठेवला होता. तिच्या सासूनं माझा ठेवला होता, तसाच. घरात आल्यावर पहिल्याच आठवड्यात स्नेहलला तो टॉवेल मळका वाटला आणि तिनं तो साबणाच्या पाण्यात घातला. सगळा टॉवेल लालभडक झाला. साळूबाई ओरडत आली, टॉवेल ओढून घेतला, चार पाण्यांतून काढला, तेव्हा कुठं पिवळा झाला. त्या दिवसापासून धुण्याची बादली स्नेहलच्या हाती द्यायची नाही, असा नियम होता. स्नेहल भांडी घासायची, झाडायची, बागेत वेलींचे जादा फुटवे काढायची, पण धुणं साळूबाईचं.

दोन दिवस पावसानं उघडीप दिली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी उघडलं. आभाळ वर गेलं, पानं निथळली. शेखर म्हणाला, "दुपारपर्यंत मिळंल. नंतर भरोसा नाय."

आदल्या संध्याकाळी मोरचूद फडक्यात बांधून प्लॅस्टिकच्या बादलीत लोंबत ठेवला होता, तो विरघळून पाणी मोराच्या मानेसारखं झालं होतं. चुना दुसऱ्या बादलीत भिजवला. तो असा खदखदला की कुत्रं उठून लांब गेलं. निवल्यावर फडक्यातून गाळून घेतला. ड्रममध्ये पाणी भरलं. मग शेखर मोरचुदाचं पाणी आणि मी चुन्याचं, असं दोन्ही बाजूंनी बारीक धारेनं ओतायला लागलो. स्नेहल लाकडानं ढवळत होती. चुना मी मुद्दाम निम्म्यावर थांबवला, थोडं निळं पाणीही मागं ठेवलं.

विळा बांधाच्या दगडावर घासून चकचकीत केला होता. बुडवला. मी तोंडानं शंभर मोजले. बाहेर काढला तर पात्यावर लालसर थर, नव्या तांब्याच्या घागरीसारखा.

"ओळ जळाली त्या वेळी असाच निघाला असता," मी म्हणालो.

"त्याहून लाल निघाला असता," शेखर म्हणाला.

पुन्हा चुना, पुन्हा विळा घासायचा, पुन्हा बुडवायचा. चौथ्या वेळी पातं पांढरं, घासल्यासारखं स्वच्छ निघालं. आता पाहायचं होतं की चुना जास्त तर झाला नाही. स्नेहलनं वहीच्या कागदाला हळद चोळून आणली होती. ओल्या हातात, ओल्या हवेत त्या कागदाचा लगदा झाला. दुसरा आणला, तो ड्रममध्ये बुडवताच हळद सुटून पाण्यावर तरंगली. फडकं हळदीत बुडवावं तर वाळायला श्रावणात दोन दिवस. पश्चिमेला ढग पुन्हा जमायला लागले होते. अकरा ओळींची पानं वाऱ्यावर उलटी होत होती आणि खालची पांढरी बुरशी दिसत होती.

तेवढ्यात घरातून पेटी उघडल्याचा आवाज आला.

साळूबाई टॉवेल घेऊन बाहेर आली. उंबऱ्यावर उभी राहिली आणि तिनं त्याची कड दातानं तोडली. मग टर्रकन फाडलं. बोटभर रुंदीची चिंधी तिनं स्नेहलच्या हातात दिली.

"आत्याबाई..."

"बुडव. नंतर बोल."

स्नेहलनं चिंधी बुडवली. वर काढली तर विटकरी लाल.

"जास्ती झाला," ती म्हणाली. "मामा, निळं पाणी घाला. वाटीभरच."

मी घातलं. ढवळलं. दुसरी चिंधी फाटली. ती लालसर. आणखी अर्धी वाटी. तिसरी चिंधी फाडताना साळूबाई म्हणाली, "बारीक फाडते. तुमचा अंदाज काही खरा नाय." ती चिंधी पिवळी राहिली. लगेच विळा बुडवला. मी शंभर मोजले, साळूबाई म्हणाली, अजून मोजा. पुन्हा शंभर मोजले. विळा पांढरा होता.

विळा पांढरा, हळद पिवळी. ड्रममधलं औषध आकाशी झालं होतं, सोमाचं व्हायचं तसं.

"बघा की," शेखर म्हणाला, "माझ्या हळदीनं बाग तारली."

"तुझी कुढली," साळूबाई म्हणाली. "तुला लावली म्हणून तुझी झाली का? माझ्या शेतातली हळद, माझ्या जात्यावरची."

पायपंपावर मी उभा राहिलो, नळी शेखरच्या हातात, आणि नळी वेलीत अडकू नये म्हणून मागून साळूबाई उचलून धरणार. पायपंपाचं काम वाईट. दुसऱ्या ओळीला मांडी भरून येते, पाचव्या ओळीला गुडघा आपला वाटत नाही. मी मोजत होतो, कारण मोजलं की थकवा जरा बाजूला राहतो. शेखरचं तोंड, केस, पापण्या, सगळं निळसर पांढरं झालं. साळूबाईच्या कपाळावरचं कुंकू निळ्यानं झाकलं गेलं. आठव्या ओळीला स्नेहल आली आणि म्हणाली, "मामा, उतरा, मी मारते." नको म्हणायचं होतं, पण पाय आधीच खाली उतरले. ती पदर खोचून चढली आणि माझ्यापेक्षा बरी मारत होती. शेवटची ओळ संपली आणि औषध पानांवर वाळल्यानंतर, तीन वाजता, पहिला थेंब पडला.

पुढचे तीन दिवस मी बागेतच होतो. दिवस उजाडला की पानं पाहायची. पहिल्या दिवशी काही कळत नाही. दुसऱ्या दिवशी एक पान कडेनं तपकिरी दिसलं. जवळ जाऊन पाहिलं तर गोगलगाईनं खाल्लेलं. तिसऱ्या दिवशी साळूबाईही आली. तिनं अकरा ओळींतून फिरून पानं उलटी केली. केवड्याची पांढरी बुरशी वाळून राखेसारखी झाली होती आणि पान वरून हिरवंगार होतं.

सहादू बांधावर आला. त्याच्या बागेत केवडा पसरत होता. तो बराच वेळ पावसाबद्दल बोलला, म्हशीबद्दल बोलला. मग म्हणाला, "नाना, आमचं बी कालवून द्याल का?"

"साक्षर माणसाकडून कालवून घेतो का?"

"घेतो की. पण ती चिंधी बी आणा."

"चिंधी मी देणार नाय," साळूबाई म्हणाली. "तुझ्या घरात लग्न झालं नाय का कधी? चिमणाबाईला म्हणावं पेटी उघड."

चिमणाबाईच्या पेटीत सोळा वर्षांपूर्वीची सहादूची हळदीची बंडी निघाली. तिनं ती फाडायला दोन दिवस लावले, पण फाडली. सहादूच्या अंगाचं माप तेव्हा केवढं होतं, यावर गाव आठवडाभर हसत होतं, आणि साक्षर ओळीचा विषय मागं पडला. त्याच आठवड्यात एके सकाळी साळूबाईनं धुण्याची बादली स्नेहलपुढे ठेवली आणि गोठ्याकडे गेली.

ऑक्टोबरात छाटणी आली. छाटणीआधी पानं काढावी लागतात. ज्या पानांसाठी पायपंप मारला, टॉवेल फाडला, तीच पानं आम्ही चौघांनी दोन दिवस हातानं ओरबाडून खाली टाकली. खालची काडी तपकिरी होती, नखानं खरवडता येत नव्हती. कात्री लावली की कट असा आवाज यायचा. अकरा ओळींना तसाच आवाज. बाराव्या, म्हणजे जळालेल्या ओळीला मी शेवटी गेलो. तिथली काडी हिरवट होती आणि कात्रीखाली चिरडायची. तरी दोन वेली, शेवटच्या कडेच्या, जिथं माझा फवारा नीट पोचला नव्हता, त्या पिकल्या होत्या.

स्नेहल परीक्षा देऊन आली त्या दिवशी मी विचारलं, आपला धडा आला होता का. ती म्हणाली, आला होता, उदासिनीकरणाचं व्यवहारातलं उदाहरण द्या, दोन गुणांना. "दीड पान लिहिलं, मामा." पुढं तिचा निकाल लागला, विज्ञानात बावन्न. विजेच्या धड्याचंही जमलं म्हणायचं.

छाटणी संपली त्या संध्याकाळी मी मेळाव्याचा तो छापील कागद काढला. घडी पडून मधे फाटायला आला होता. बारीक अक्षराखाली जागा होती. शेखरचं पेन घेऊन मी तिथं लिहिलं: आधी विळा बुडवावा. मग हळद. वेळ लागला, कारण 'बुडवावा'मध्ये मी एक 'वा' विसरलो आणि वरून घालावा लागला.

साळूबाई तंबाखू मळत बसली होती. "काय लिव्हलं?"

मी वाचून दाखवलं.

"टॉवेल कुणाचा, ते नाय लिव्हलं?"

"ते कशाला?"

"लिव्हा. उद्या कुणी वाचंल तर म्हणंल, हळद आपोआप आली."

मी लिहायला घेतलं. तिचं नाव मी तोवर कधी लिहिलं नव्हतं, तीस वर्षांत गरजच पडली नव्हती. ळ काढताना हात अडला. स्नेहल लांबून पाहत होती, पण तिनं सांगितलं नाही. 'टॉवेल साळूबाईचा' एवढं लिहून झाल्यावर मी कागद तिच्यापुढे धरला. तिला वाचता येत नव्हतं. तिनं चुन्याचं बोट लुगड्याला पुसलं, अक्षरांवरून फिरवलं आणि विचारलं, "ह्यातलं माझं कुठून कुठपर्यंत हे?"

मी दाखवलं.

"बरंच मोठं हे," ती म्हणाली, आणि कागद घडी करून पेटीत, उरलेल्या टॉवेलवर ठेवला.